कोळपली की करपली?

४ मे

प्रिय भिंगरी,

आधी घरची खबर देतो, म्हणजे कामाचं बोलायला मी मोकळा. काकूचा गुडघा कुरकुरतोय, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे गुडघ्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. (हे तिनं वाचलं. आज माझा चहा उशिरा येणार.) तुझे बाबा परवा येऊन गेले. ते थोरले भाऊ, म्हणून मी त्यांच्यापुढे फार बोलत नाही. त्यांनी बसल्या बसल्या एकच पाढा वाचला, की पोरीनं ऑफिसातली चांगली खुर्ची सोडली आणि नर्सरीच्या मातीत हात घातले. मी मान डोलावली. अशा वेळी माझी मान आपोआप डोलते, तिचा अर्थ काही नसतो.

आता काम. आमचा शब्दकोश 'क'वर येऊन बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या, म्हटलं निवृत्तीनंतर कोशाचं काम म्हणजे आराम. कसला आराम! आमच्या संपादकबाईंचा नियम असा, की प्रत्येक शब्दाला एक खरं वाक्य हवं. टेबलाशी बसून रचलेलं चालत नाही. कोणीतरी, कधीतरी, खऱ्या गोष्टीबद्दल म्हटलेलं किंवा लिहिलेलं हवं, आणि कोण, कधी, कशाबद्दल हे चिठ्ठीवर लिहायचं. मागे 'कढत'साठी मी एक वाक्य घरीच जुळवलं होतं. बाईंनी ते नुसतं हुंगून ओळखलं आणि परत पाठवलं.

सध्या माझ्या गळ्यात दोन शब्द पडलेत, करपणे आणि कोळपणे. करपण्याचे नमुने आमच्या स्वयंपाकघरात मुबलक आहेत, पण काकू म्हणते, तिचं नाव छापलं तर ती माहेरी जाईल. कोळपणे मात्र (तण काढण्याचं कोळपणं वेगळं, त्याची नोंद वेगळी, मी उन्हानं कोळपण्याबद्दल बोलतोय) आमच्या गल्लीत कोणी म्हणतच नाही. म्हणतील कशाला? इथे कोणाच्या दारात झाड आहे? तू दिवसभर झाडांत असतेस. जे बोलशील, ऐकशील, त्यातलं एखादं वाक्य धाडून दे. फोन करू नकोस. फोनवर मला 'हो' आणि 'नाही' सारखंच ऐकू येतं.

तुझे नर्सरीचे मालक, बागवानबाबा, लेकीकडे गेले का? ते अजून पाइप हातात घेतला की आधी स्वतःचे पाय धुतात का? माणूस मातीतला आणि पायांचा थाट नवरदेवाचा, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, ते आठवून काकू अजून हसते. ते परत आल्यावर हॉस्पिटलला द्यायच्या झाडांचा वाफा त्यांना हिरवागार दिसला तर नर्सरी तुझ्या हाती, नाही तर जागा गोदामवाल्याला, हेही तूच लिहिलं होतंस. म्हातारा पारखी दिसतो. डोळे झाकून सोपवून गेला नसणार.

वाक्यांची वाट बघतो.

तुझा काका


११ मे

ती. काकांना नमस्कार.

पत्र मिळालं. काम होतं म्हणून उत्तराला उशीर झाला. वाक्यं लिहिते.

'ऊन एकदम अंगावर आलं आणि शेंडे कोळपले.'

'वाफाच्या वाफा करपला.'

'पाइपातल्या पाण्यानं पोळली.'

तिसरं तुम्ही मागितलं नव्हतं, चुकून लिहिलं गेलं. सोडून द्या.

इथे सगळं ठीक आहे. ऊन खूप आहे. बाबा पुन्हा आले तर काम छान चाललंय म्हणून सांगा.

भिंगरी


१५ मे

प्रिय भिंगरी,

सोडून द्या म्हणे! अगं, तिसऱ्या वाक्यानं मला खुर्चीतून उठवलं. पोळणं आम्ही माणसाला ठेवलंय. जीभ पोळते, हात पोळतो, उन्हात अनवाणी गेलं की तळवे पोळतात. तू काय पोळलं ते लिहिलंच नाहीस. रोपं का? रोपं पोळली असं म्हणतात तुमच्याकडे? की हे तुझं एकटीचं? एकटीचं असलं तरी हरकत नाही, पण ते कुठून आलं हे चिठ्ठीवर लिहावं लागेल. आणि पाण्यानं झाड पोळतं कसं? पाण्यानं तर झाड जगतं, इतपत मलाही कळतं.

आता पहिल्या दोन वाक्यांबद्दल. राग मानू नकोस, मी जातीचा मुद्रितशोधक, चूक दिसली की हात शिवशिवतो. ही दोन्ही वाक्यं एकाच वाफ्याबद्दल आहेत का? तसं असेल तर बाई ती घेणार नाहीत. माझ्याकडच्या चिठ्ठ्या बघून मला जे वाटतं ते असं. भात करपतो, दूध करपतं, उभं पीक करपतं; तिथे मागे काही उरत नाही, माणूस भांडं घासायला घेतो किंवा शेत नांगरायला. कोळपणं त्याच्या अलीकडचं आहे. कळी कोळपते, कोवळं पान कोळपतं, उन्हातून चालत आलेलं पोरसुद्धा कोळपतं, आणि त्या पोराला सावलीत बसवलं की जरा वेळानं ते पुन्हा दंगा करायला लागतं. म्हणजे एकच वाफा कोळपला आणि करपला, असं दोन्ही नाही चालायचं. तुझा निकाल काय तो कळव.

कोण, कधी, कशाबद्दल, हे तिन्ही वाक्यांना राहिलंय. नावगाव नसलेली वाक्यं मी घेत नाही, पुतणीची असली तरी.

काकू विचारते, तुझी तब्येत बरी आहे ना?

काका


२० मे

काका,

लिहून घ्या चिठ्ठीवर. कोण: मीच. कधी: ६ मे, दुपारी. कशाबद्दल: हॉस्पिटलच्या वाफ्याबद्दल. झालं समाधान?

माफ करा. तुमच्यावर चिडायचं काही कारण नाही. पण तुम्ही असे एकेक प्रश्न विचारत राहिलात, की खोटं लिहायचं तर आता नवीन वाफाच रचावा लागेल, आणि तुमच्या बाई तो हुंगून ओळखतील.

बागवानबाबा गेले आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं मळभ. वाफ्यावर हिरवी जाळी होती, तिच्याखाली रोपं उजेडासाठी माना ताणायला लागली, लांबुडकी झाली. मी म्हटलं ढग आहेतच, तर जाळी काढू, रोपांना उजेड मिळेल आणि जाळीवरची धूळही धुऊन होईल. जाळी अशी एका दमात काढायची नसते, काका. आज थोडी, उद्या थोडी, रोपांना उन्हाची सवय करायची असते. हे मला ठाऊक आहे. मीच गिऱ्हाइकांना शिकवते. पण ढग होते, आणि मला बागवानबाबांना दाखवायचं होतं की तुमच्यामागे मी रोपं जरा जास्तच दणकट केली.

जाळी कुंपणावर वाळत टाकून मी हॉस्पिटलच्या आवारात गेले, झाडांचे खड्डे कुठे घ्यायचे ते बघायला. तिथेच ढग पांगले आणि कडक ऊन पडलं. मी धावत आले तोवर सगळा वाफा माना टाकून बसला होता. मी पाइप उचलला, तोटी पूर्ण सोडली आणि नळाजवळच्या पहिल्या रांगेवर धरली. काळा रबरी पाइप, काका, ऊन पडल्यापासून तापत पडलेला. आत साठलेलं पाणी माझ्या हाताला लागलं तेव्हा मला कळलं, पण तोवर पहिली रांग भिजून झाली होती. तुम्ही विचारलंत ना, पाण्यानं झाड पोळतं कसं? असं पोळतं. दुसऱ्या दिवशी ती पानं शिजवल्यासारखी झाली. बाकीच्या रांगांची तपकिरी पडून कागदासारखी वाजायला लागली.

जाळी मी त्याच संध्याकाळी परत घातली. फाटकावर 'बंद' अशी पाटी लावली. रोज वाफ्याकडे पाठ करून चहा पिते. संध्याकाळी सवयीनं पाणी घालते, तेही त्याच्याकडे न बघता, आणि घालताना स्वतःलाच विचारते की हे कोणासाठी.

बागवानबाबा ३ जूनला येतायत. ते येण्याआधी हा वाफा त्यांच्या नजरेसमोरून गेलेला असला पाहिजे. उपटायला एक माणूस ठरवलाय, येत्या शनिवारनंतर कधीही येईल. वाफा साफ करणार, ते आले की किल्ली त्यांच्या हातात देणार आणि खालमानेनं जुन्या ऑफिसात परत जाणार. तिथे मला घेतील, साहेब तसं म्हणाले होते. माझ्या बाबांना तेवढं सांगू नका. ते रागावणार नाहीत, हेच मला सोसणार नाही. ते फक्त 'बरं' म्हणतील.

तर तुमचा निकाल हा घ्या. कोळपली नाहीत. करपली.

भिंगरी


२३ मे

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी घाबरलो, हे सरळ सांगतो. तू लहानपणी पडलीस, धडपडलीस तरी उठून आधी हसायचीस, म्हणून तुझं नाव भिंगरी पडलं. 'किल्ली देणार' हे अक्षर तुझं वाटलं नाही.

पण 'करपली' मी लिहून घेणार नाही.

तू तारीख दिलीस, जागा दिलीस, कोण तेही दिलंस, चिठ्ठी म्हणून नाव ठेवायला जागा नाही. एकच राहिलं. तू बघितलंस कुठे? वाफ्याकडे पाठ करून चहा पिणाऱ्या माणसाची साक्ष मी धरत नाही. छापखान्यात एक जण असाच होता, शेवटचं पान न बघता सही करायचा. त्याच्यामुळे एकदा एका पुस्तकाचा शेवटच दोनदा छापला गेला.

तुझं पत्र आल्यावर मी कोळपण्याच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून पलंगावर मांडल्या. त्यात एक जुनी आहे, एका फुलबाग सांभाळणाऱ्या बाईंची. त्या कोणावर तरी खेकसल्या होत्या, 'कोळपलंय नुसतं, लगेच उपटताय काय!' मग मी करपण्याच्या चिठ्ठ्या चाळल्या. करपलेल्याला उपटू नका, असं त्यात एकानंही म्हटलेलं नाही. या दोन शब्दांत फरक काय, हे मी महिनाभर शोधत होतो, तो त्या बाईंच्या खेकसण्यात निघाला. जिथे अजून थांबायला सांगतात, ते कोळपलेलं.

तेव्हा आता तू उठायचं. प्रत्येक रांगेत जायचं, रोपाच्या बुंध्याशी, मातीच्या जरा वर, नखानं साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर शब्द वेगळा, तपकिरी दिसलं तर वेगळा. जो दिसेल तो कळव, मी तोच छापीन, मला दोन्हीतलं कुठलंही वाक्य लागतंच आहे. पण बघून कळव. आणि त्या उपटणाऱ्या माणसाला तोवर नाही म्हण. नुसतं 'नाही' म्हण, कारण देत बसू नकोस.

बाबांना सांगत नाही. ते आले तर माझी मान आहेच.

तुझा काका


२७ मे

काका, काका, काका,

हिरवं आहे!

थांबा, नीट सांगते, नाही तर तुम्ही पुन्हा प्रश्न विचाराल. तुमचं पत्र काल दुपारी आलं. मी ते वाचून तुमच्यावर मनातल्या मनात बरीच ओरडले. नख लावायचं मला ठाऊक नव्हतं असं नाही. नर्सरीतला पहिला धडा तोच असतो. मला हिंमत होत नव्हती. जोवर मी बघितलं नव्हतं तोवर माझ्या एका कोपऱ्यात वाफा थोडासा जिवंत होता. नख लावलं आणि तपकिरी दिसलं, तर तोही गेला. म्हणून आधीच करपली म्हणून टाकलं, म्हणजे पुन्हा बघायला नको.

पण तुम्ही 'साक्ष धरत नाही' म्हणालात, ते लागलं. खरंच लागलं. चहा अर्धा टाकून गेले. पहिली रांग, नळाजवळची. नख लावलं. तपकिरी. दुसरं रोप, तपकिरी. ती सगळी रांग, एकूण एक. मी मातीत बसले. मला वाटलं, झालं, आता पुढे बघायचं कशाला. मग तुमचं 'प्रत्येक रांगेत' आठवलं, शिव्या देत उठले आणि दुसऱ्या रांगेतल्या पहिल्या रोपाला नख लावलं.

आत ओलं हिरवं, काका! कोवळ्या काकडीच्या सालीखाली असतं तसं. मला खरं वाटेना, म्हणून शेजारच्याला लावलं, मग त्याच्या शेजारच्याला. मी अख्ख्या वाफ्याला नखं लावत सुटले. माझ्या नखांत अजून हिरवं आहे, साबणानं जात नाही आणि जाऊही नये. तिसऱ्या रांगेत तर नख लावायचीही गरज नव्हती. जळक्या पानांच्या खाली, बुंध्यालगत, राईएवढे कोंब आले होते. इतके दिवस मी पाठ करून चहा पीत होते आणि ते माझ्यामागे फुटत होते. संध्याकाळी न बघता पाणी घालत होते ना, ते पोचत होतं बिचाऱ्यांना.

मी खूप रडले. फाटकावरची पाटी काढली. एक बाई तुळशीबिळशी काही नको, नुसतं सावलीचं झाड द्या म्हणून आल्या, तर मी त्यांच्याशी रडत रडत बोलले. त्या घाबरून दोन झाडं घेऊन गेल्या.

उपटणाऱ्याला 'नाही' म्हटलं. कारण दिलं नाही.

तर निकाल असा. पहिली रांग करपली. बाकी वाफा कोळपला. तुम्हाला दोन्ही वाक्यं मिळाली, दोन्ही खरी, आणि बाईंना सांगा की वाफा एकच होता तरी चालतं.

एक सांगा, तुम्हाला पहिल्याच पत्रात कळलं होतं ना? ते 'पोळतं कसं', 'निकाल काय', सगळं मला बोलतं करायलाच होतं. मी तुम्हाला नुसतं शब्दांचं वेड असलेला काका समजत होते. माझी चूक झाली.

तुमची,
भिंगरी


३० मे

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं, मग काकूनं मोठ्यानं वाचलं, मग शेजारचे विचारायला आले की काय झालं. जिवात जीव आला. गेले काही दिवस मला कुठलाच शब्द धड सुचत नव्हता. आता 'क' संपेल असं वाटतंय.

आता तुझ्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. मी तो कापून फ्रेम करून ठेवावा असं मला मनापासून वाटलं. पण खोटी चिठ्ठी मी ठेवत नाही, स्वतःबद्दलची तर नाहीच. मला काही कळलं नव्हतं. मला खरंच रोपं पोळतात का, हेच हवं होतं. तुझं पहिलं उत्तर आलं त्या दिवशी मी आनंदानं घरभर फिरलो, की काय सुंदर वाक्य मिळालं. तू मला नुसतं शब्दांचं वेड असलेला काका समजत होतीस ते बरोबरच होतं. तसंच समजत जा.

नख लावायचंही मला कोणी सांगितलं ते आता उघडच करतो. मी तिकडे चिठ्ठ्या मांडून बसलो होतो, शब्दार्थ लावत होतो, तर काकू म्हणाली, 'अहो, ती पोर बघायला घाबरतेय. तिला बघायला सांगा. आणि मायेनं सांगू नका, मायेनं सांगितलं तर आणखी रडत बसेल. तुमच्या नेहमीच्या खडूस भाषेत सांगा.' खडूस भाषा मला जमली, असं दिसतं.

उरलेलं ती लिहिते म्हणते. पेन देतो.

काका

भिंगरे, मला पहिल्याच पत्रात शंका आली. तू माझा गुडघा विचारला नाहीस. पोरगी चार ओळींचं पत्र लिहिते, त्यात गुडघा नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, तिनं वाक्यं तर पाठवली ना! म्हणून मी म्हटलं, मग त्या वाक्यांबद्दलच आणखी विचारा, त्यातूनच बोलेल ती. गुडघा बरा आहे. म्हाताऱ्यापासून पहिली रांग लपवू नकोस हं.

काकू


६ जून

प्रिय काकू आणि काका,

सगळ्यात आधी, गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो का उतरताना? रात्री शेकतेस का? सगळं सविस्तर लिही.

बागवानबाबा आले. फाटकातून सरळ वाफ्याकडे गेले, चहा नको, पाणी नको. कोंब आता बोटभर झालेत, जुनी वाळकी पानं मी काढली नव्हती, सावली म्हणून ठेवली होती. त्यांनी वाकून एका रोपाला नख लावलं. मग म्हणाले, "ऊन लागलंय."

"हो आजोबा. जाळी मी एका दमात काढली."

"हं. आणि पहिली रांग?"

तिथे फक्त रिकामी जागा होती. करपलेलं मी उपटलं होतं. मी सगळं सांगितलं. ऊन, धावत येणं, तापलेला पाइप. ते ऐकत होते. मग म्हणाले, "पण पाणी आधी पायांवर नाही घेतलंस?"

मला समजेना. "पायांवर कशाला? पाय धुता ते तुम्ही..."

"पाय धुतो?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, मातीतला माणूस मी, दिवसातून दहादा पाय कशाला धुईन? पाइप उन्हात पडलेला असतो. पाणी आपल्या पायांना सोसलं तर रोपांना सोसेल. म्हणून आधी पायांवर घ्यायचं."

काका, मी त्यांच्या पायांच्या थाटावर तुम्हाला पत्रं लिहिली, आणि काकू आठवून आठवून हसली! रोज डोळ्यांसमोर होतं आणि मला त्यात नवरदेव दिसला. मी खाली मान घालून उभी राहिले. म्हातारा उलट्या बादलीवर बसला आणि इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "चूक माझीपण आहे. मला वाटलं, ही बघतेय रोज, तर समजलंच असेल. तोंडानं सांगायचं राहून गेलं."

मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "मी गोदामवाल्याला नाही म्हणून कळवतो. हॉस्पिटलवाल्यांना म्हणावं, झाडं जरा उशिरा मिळतील, पण एकदा उन्हातून गेलेली मिळतील. आणि पहिली रांग तू भरायची. कलमं मागायची नाहीत कुठून, बीपासून." एवढं बोलून चहा मागितला. आम्ही दोघांनी तो वाफ्याकडे तोंड करून प्यायला.

बाबांना मी स्वतःच पत्र लिहिलं, सगळं, पाइपासकट. तुमच्या मानेला जास्त त्रास नको म्हणून. त्यांचं उत्तर आज आलं. एकच ओळ आहे. 'उन्हात टोपी घालत जा.' मी ती ओळ कितीदा वाचली ते विचारू नका.

आज दुपारी बियांच्या पिशव्या भरल्या. पाणी घालायला पाइप उचलला, तोटी सोडली, आणि आधी चपला काढून पाय पुढे केले. काका, 'पोळणे'ची नोंद अजून उघडी असेल तर हे वाक्य घ्या. कोण: मी. कधी: आज दुपारी. कशाबद्दल: माझ्याबद्दल.

'पाय चांगलेच पोळले, मग पाणी निवेपर्यंत थांबले आणि रोपांना घातलं.'

भिंगरी